माझे टोक त्या स्प्रूसमध्ये आहे

मी एक जुने गिरमिट आहे. टोक मोडलेले, दांड्यावर गंज चढलेले, आणि लेम्पी तुरुनेन नावाच्या बाईच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या भिंतीवर एका खिळ्याला टांगलेले. येणारेजाणारे मला पाहून म्हणतात, "हे भंगार इथे कशाला?" मित्रांनो, त्यांना म्हणू द्या. मी भंगार नाही, आणि मला कोणाची दयाही नको. आधी माझी हकिगत ऐका, मग काय ते ठरवा.

सुताराचे गिरमिट तुम्ही पाहिले असेल. ते लाकडाला भोक पाडते आणि भुसा खाली सांडते. मी त्याच जातीचे, पण माझे काम निराळे. मी आतून पोकळ आहे. जिवंत झाडाच्या खोडात मला फिरवत नेले की सालीपासून गाभ्यापर्यंतची एक लाकडाची काडी माझ्या पोटात शिरते. मग एक पातळ पट्टी आत सारायची आणि मला अर्धा फेरा उलटा द्यायचा. 'कट्' असा आवाज होतो, काडी आतल्या आत तुटते आणि पट्टीवरून अलगद बाहेर येते. पेन्सिलीहून बारीक अशा त्या काडीवर झाडाचे सगळे आयुष्य असते. दर वर्षाचे एक वलय. सुखाच्या वर्षी रुंद, हालाच्या वर्षी अरुंद. झाड न पाडता त्याला त्याचे वय विचारणारे अवजार म्हणजे मी. माणसांना त्यांचे वय विचारले तर ती खोटे बोलतात. झाड माझ्याशी कधी खोटे बोलले नाही.

माझा जन्म स्वीडनमधला. उत्तम पोलाद, आणि टोकाला नखाने चाचपले तर नख कापेल अशी धार. ज्या कारागिराने ती धार लावली त्याने भूर्जाच्या ओंडक्यात मला एकदा फिरवून पाहिले, काडी बाहेर काढली, तिच्याकडे बघून नुसती मान हलवली आणि मला डब्यात टाकले. जन्माला आल्यावर मला मिळालेले कौतुक ते एवढेच. तिकडच्या माणसांच्या हिशोबाने ते खूप होते, हे मला पुढे कळले.

डब्यातून मी निघालो ते थेट पूर्व फिनलंडमध्ये, तोर्स्ती इकोनेनच्या हातात. तोर्स्ती जंगलांचा संशोधक. उंच, वाकलेला, बोलायला कंजूष. देशात लाकूड किती आहे, दर वर्षी किती वाढते, कागदाच्या आणि लगद्याच्या गिरण्यांना किती देता येईल, आरागिरण्यांना किती, हे शोधणे त्याचे काम. आम्ही दोघांनी केवढी जंगले पालथी घातली! दलदलीत त्याचे बूट रुतले, डासांनी त्याची मान फोडून काढली, पण मला त्याने कधी ओल्या गवतावर ठेवले नाही. काम झाले की फडक्याने पुसायचा, मेण लावायचा आणि छातीजवळच्या खिशात ठेवायचा. काढलेल्या काड्या सरबत प्यायच्या कागदी नळ्यांमध्ये भरायचा. त्याच्या पिशवीत कायम नळ्यांचा गठ्ठा असे. दुकानातल्या बाईला वाटायचे, या माणसाला पोरे तरी किती आहेत!

त्याचा एकच कडक नियम होता. गिरमिट झाडात अडकवून जागचे हलायचे नाही. लाकूड जिवंत असते. थोडा उशीर झाला की ते फुगते, राळ घट्ट होते, आणि झाड गिरमिटाला धरून ठेवते. नव्या मदतनिसांना तो दुसरे काही शिकवत नसे, पण हे तीनतीनदा बजावून सांगे.

त्या काळी आमच्याकडे जंगल सांभाळण्याचा एकच मार्ग शहाणपणाचा मानला जाई. डोंगरउतार सफाचट तोडायचा, जमीन नांगरायची, एका वयाची रोपे रांगेत लावायची आणि ती मोठी होईपर्यंत थांबायचे. गिरण्यांना तसे लाकूड सोयीचे पडे, आणि मोजायलाही सोपे. जो कोणी मधूनमधून मोठे झाड तोडून बाकीची ठेवी, तो जंगलाची वाट लावणारा ठरे. तोर्स्तीलाही हेच पटलेले होते. तो हेच शिकला होता आणि हेच शिकवीत होता. आणि मी? मी गिरमिट. मला कोणी मत विचारले नव्हते.

एका शरद ऋतूत जिल्ह्याचा वननिरीक्षक ताइस्तो त्याच्याकडे आला. गोल, लालबुंद, मोठ्याने हसणारा माणूस. पिएलिनेन सरोवराच्या काठी एक विधवा राहते, म्हणाला. लेम्पी तुरुनेन. दर हिवाळ्यात घोडा लावून चारदोन जाडजूड झाडे ओढून काढते, विकते, आणि बाकीच्या जंगलाला हात लावत नाही. घराचे छप्पर दुरुस्त करायचे तर दोन झाडे, मुलीचे लग्न तर पाच. नवऱ्यानेही जन्मभर तेच केले.

"उतार बघवत नाही हो, डॉक्टर," ताइस्तो म्हणाला. "वर म्हातारी झाडं आणि खाली नुसता काड्यांचा कचरा. तुम्ही एकदा येऊन मोजा आणि लिहून द्या की जंगल बरबाद झालंय. म्हणजे मला तो उतार साफ करून नव्यानं लावायचा हुकूम काढता येईल."

"मोजतो," तोर्स्ती म्हणाला. "लिहायचं काय ते मोजल्यावर."

"लिहायचं काय ते दिसतंच आहे की!"

आम्ही गेलो. उतार लेम्पीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच होता. खाली सरोवर, मध्ये सौना, आणि सौनाच्या मागून जंगल वर चढत गेलेले. लेम्पी दारातच उभी होती, डोक्याला रुमाल, हात कमरेवर.

"तर तुम्हीच ते मास्तर, माझं जंगल मोडीत काढायला आलेले," ती म्हणाली.

"मी मोजायला आलोय, लेम्पीबाई."

"मोजा. मोजल्यानं झाड आटत नाही." मग ताइस्तोकडे वळून ती म्हणाली, "आणि तुम्ही पाय पुसून आत या. मागच्या वेळचा चिखल अजून निघाला नाही."

"बाई, तुमच्याच भल्याचं सांगतोय. एकदम तोडलंत तर एकदम पैसा मिळेल."

"आणि पुढच्या हिवाळ्यात काय विकू? तुम्हाला?" लेम्पी म्हणाली. "हे बघा, मला तुमचं शास्त्र कळत नाही. माझं खरं की खोटं, तेही मी छातीठोक सांगत नाही. पण रोज सकाळी भांडी घासताना मला समोर उघडाबोडका डोंगर बघायचा नाही. माझं आयुष्य या खिडकीत गेलंय. हुकूम काढलात तर यंत्रापुढे आडवी पडेन, एवढं लिहून ठेवा."

हे बोलताना तिचा आवाज कापला. ती भ्यायली होती, मित्रांनो, आणि तरी दारातून हलली नाही. मला ती तेव्हाच आवडली.

तोर्स्ती जंगलात शिरला. मोठ्या झाडांखाली मनगटाएवढ्या जाडीची स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांची, झाडे दाटीवाटीने उभी होती. वाकडीतिकडी, अंगावर शेवाळ, उंची माणसापेक्षा थोडी जास्त. तोर्स्तीने त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि मदतनिसाला सांगितले, "पंधरा वर्षांची असतील. निकस रोपं." हीच चूक त्या काळातला प्रत्येक वनशास्त्रज्ञ करी. बारीक म्हणजे कोवळे, असे डोळ्याला वाटते. पण रीत म्हणून त्याने मला त्यातल्या एकाला लावले आणि फिरवू लागला.

आत शिरताच मला कळले. इतके घट्ट लाकूड मी कधी कापले नव्हते. फेऱ्याफेऱ्याला मी करकरत होतो. अर्धा फेरा उलटा, 'कट्', आणि काडी बाहेर आली. तोर्स्तीने ती उजेडाकडे धरली, डोळे बारीक केले, मग खिशातले भिंग काढले. वलये इतकी दाट होती की साध्या डोळ्यांना एकच तपकिरी पट्टा दिसावा. त्याने मोजायला सुरुवात केली, मध्येच चुकला, पुन्हा सुरुवात केली. मग तो ओल्या दगडावर तसाच बसला.

ते निकस रोप पंधरा वर्षांचे नव्हते. साठ-सत्तर वर्षांचे होते. तोर्स्तीहूनही वडील. मोठ्यांच्या सावलीत, मिळेल तेवढ्या उजेडावर, ते मेले नव्हते आणि हटलेही नव्हते. पुढचे झाड त्याहून नवलाचे निघाले. त्याच्या शेजारचे मोठे झाड लेम्पीने काही वर्षांपूर्वी तोडले होते. काडीवर तेवढ्या जागी, सालीच्या बाजूला, वलये एकदम बोटभर रुंद वाटावीत अशी फाकली होती. उजेड मिळाल्याबरोबर त्या म्हाताऱ्या बारक्याने उडी घेतली होती. ज्याला ताइस्तो काड्यांचा कचरा म्हणत होता, ते पुढच्या शंभर वर्षांचे जंगल होते.

दिवस मावळतीला लागेपर्यंत आम्ही उतारभर फिरलो. शेवटी तोर्स्ती सौनामागच्या मोठ्या स्प्रूसपाशी आला. त्या उतारावरचे ते सगळ्यात थोर झाड. त्याने मला त्याच्या खोडात गाभ्यापर्यंत नेले, आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून हाक आली.

"मास्तर! कॉफी झालीय!"

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत माहीत हवी. कॉफीची हाक आली की जायचे. निवलेली कॉफी हा यजमानिणीचा अपमान. आणि लाकडाचे कुठलेही बोलणे पहिल्या कपावर होत नाही. पहिल्या कपावर हवापाणी, मासे, शेजारी. यजमानीण दुसरा कप ओतते तेव्हा कामाचे बोलणे सुरू होते. दुसरा कप ओतला नाही तर सौदा नाही, आणि पाहुण्याने दुसऱ्या कपावर हात ठेवला तर त्याचा नकार आहे, असे समजायचे. कोणी हे बोलून दाखवत नाही. बोलून दाखवायची आमच्याकडे सवयच नाही.

तोर्स्तीने माझ्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले. "एक कप घेऊन आलोच," असे तो मला, गिरमिटाला, म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याने आपला नियम मोडला.

आत काय झाले ते मला फार पुढे, तो दुसऱ्या कोणाला सांगत असताना कळले. पहिला कप संपला. बाहेर गारठा उतरू लागला होता, आणि तोर्स्ती सारखा खिडकीतून माझ्याकडे बघत होता. लेम्पीने किटली उचलली आणि ती त्याच्या कपावर धरून थांबली. त्याने कपावर हात ठेवला असता तर उठून माझ्याकडे धावत येता आले असते. पण मग लेम्पीला वाटले असते की हा विरुद्ध गेला. त्याने कप पुढे सरकवला.

"मी नाही लिहिणार, ताइस्तो," दुसऱ्या कपावर तो म्हणाला.

"काय नाही लिहिणार?"

"जंगल बरबाद झालंय, असं. झालेलं नाही. खालची झाडं रोपं नाहीत. ती वाट बघणारी माणसं आहेत... झाडं आहेत, म्हणजे."

ताइस्तो मोठ्याने हसला. "बाईंची कॉफी चढली वाटतं तुम्हाला!"

"हा उतार संशोधनासाठी राखून ठेवू. लेम्पीबाई तोडतील तसं तोडू दे. आपण दर पाच वर्षांनी मोजू. तुमची लावलेली रांग आणि यांचा उतार, शेवटी लाकूड कुठं जास्त निघतं ते बघू."

"आणि तोपर्यंत तुमचे सहकारी तुम्हाला हसतील, त्याचं काय?"

"हसू देत," तोर्स्ती म्हणाला.

लेम्पीने त्याला तिसरा कप ओतला, आणि तोही त्याला प्यावा लागला.

इकडे झाडाने मला धरले होते. ओले लाकूड गोठत गोठत माझ्याभोवती आवळत होते. तोर्स्ती परत आला, त्याने दांडा पकडला, हळू ओढून पाहिले, श्वासाची वाफ घातली, मेण लावले, विनवण्या केल्या. मग जोर लावला. मी बाहेर आलो, पण सगळा नाही आलो. माझे टोक, त्या कारागिराची ती धार, झाडाच्या आत राहिली.

तोर्स्तीने मला फडक्याने पुसले. लेम्पी शाल लपेटून बाहेर आली. "मोडलं का हो?" तिने विचारले. "मोडलं," तो म्हणाला. ती म्हणाली, "माझ्यामुळं." तो म्हणाला, "कॉफी चांगली होती."

मला दुःख झाले का? झाले, खोटे कशाला बोलू! अवजाराला दुसरे असते काय, टोकच ना? पण सांगतो, तेच पुन्हा घडणार असेल तर पुन्हा मोडेन.

त्यानंतरची वर्षे मी तोर्स्तीच्या टेबलावर, मग खणात, मग दुसऱ्या खोलीतल्या खणात काढली. सहकारी खरेच हसले. 'लेम्पीचा कॉफीबाज' हे नाव त्याला निवृत्तीपर्यंत चिकटले. पण दर पाच वर्षांनी तो नवे गिरमिट घेऊन उतारावर गेला, आणि दर वेळी त्याची जास्तजास्त शिष्यमंडळी सोबत गेली. पुढे नियमही बदलले आणि लेम्पीसारखी तोड गुन्हा राहिली नाही. तोपर्यंत लेम्पी गेली होती, आणि मग तोर्स्तीही गेला. खण आवरताना कोणीतरी माझ्यावर 'टाकून द्यावे' अशी पिवळी चिठ्ठी लावली. ती चिठ्ठी साइलाने फाडली.

साइला तोर्स्तीची शेवटची विद्यार्थिनी. तिचे संशोधन लाकडाच्या बाजारावर. आता गिरण्या लाकडापासून नुसता कागद करत नाहीत. कापड करतात, डबे करतात, प्लास्टिकच्या जागी काय काय करतात. साइलाला ते आवडते. पण हे सगळे करायला झाडे कुठून, किती आणि कितीदा येणार, हा प्रश्न ती सोडत नाही. तोर्स्तीने तीन कपांची गोष्ट सांगितली ती तिलाच.

मग पूर्वेकडच्या सीमेपलीकडच्या देशातून येणारे लाकूड बंद झाले आणि भाव भडकले. उतार संशोधनासाठी राखण्याचा करारही त्याच सुमारास संपला. उतार आता लेम्पीच्या नातवाचा, पानूचा. पानूला घराचे छप्पर बदलायचे होते, धाकट्या मुलीला शिकवायचे होते, आणि खरेदीदार रिकू रोज फोन करत होता. साइलाने मला पिशवीत घातले, सोबत तिचे नवे गिरमिट घेतले, आणि आम्ही पुन्हा त्या स्वयंपाकघरात आलो. रिकू आधीच येऊन बसला होता.

"सगळं विमानातून मोजलंय, पानू," तो फोनच्या पडद्यावरचा रंगीत नकाशा फिरवत म्हणाला. "वरची झाडं पिकलीत. खालची फुटकळ. असा भाव परत मिळायचा नाही. एकदाच साफ करून टाक, गड्या."

"खालची किती वर्षांची आहेत?" साइलाने विचारले.

"बारीक आहेत ना! दहापंधरा असतील."

मी पिशवीत होतो, पण मित्रांनो, मला टोक असते तर मी त्या क्षणी पिशवी फाडून बाहेर आलो असतो. इतकी वर्षे गेली, घोडा जाऊन यंत्र आले, यंत्रावर विमान आले, आणि चूक तीच!

साइला रागावली नाही. "चल पानू, विचारून येऊ," ती म्हणाली, आणि नवे गिरमिट त्याच्या हातात दिले. रिकूही मागोमाग आला. पानूने एका मनगटाएवढ्या स्प्रूसला गिरमिट लावले, घामाघूम होईपर्यंत फिरवले, अर्धा फेरा उलटा दिला. काडी हातात आल्यावर तो मोजत राहिला. बापाच्या जन्मापर्यंत पोचला आणि तरी वलये उरली होती.

"हे माझ्या बापापेक्षा मोठं आहे," तो हळूच म्हणाला.

"मला तुला फसवायचं नाही," साइला म्हणाली. "आज सगळं तोडलंस तर आज जास्त पैसे येतील. माझाच हिशोब तसं सांगतो. पण मग तुझ्या धाकटीच्या हयातीत इथून आरागिरणीला एक ओंडका जाणार नाही. निवडून तोडलंस तर थोडे थोडे येत राहतील, आणि गिरणीलाही लाकूड मिळत राहील. ठरवायचं तुला. छप्पर तुझं आहे."

सगळे परत आत आले. पानूने कॉफी केली, पहिला कप ओतला. साइलाने मला टेबलावर ठेवले. मासे, हवा, शेजारी, सगळे बोलून झाले. पानूने माझ्या मोडक्या टोकाकडे पाहिले, मग खिडकीबाहेर पाहिले. त्याने किटली उचलली, साइलाचा कप भरला, स्वतःचा भरला, आणि किटली चुलीवर ठेवून दिली.

रिकू आपल्या रिकाम्या कपाकडे बघत राहिला.

"कॉफी संपली का?" त्याने शेवटी विचारले.

"नाही," पानू म्हणाला. "आहे किटलीत."

रिकू आमच्याच भागातला. त्याला पुन्हा सांगावे लागले नाही. पण उठता उठता त्याने सौनाकडे बोट केले. "निदान ते मागचं मोठं तरी दे रे. एवढा ओंडका हल्ली मिळत नाही."

"त्यात लोखंड आहे," पानू म्हणाला.

"लढाईतलं?"

"नाही. कॉफीतलं."

आमच्याकडे लढाईतल्या गोळ्या अजून झाडांत सापडतात, आणि लोखंड शिरलेले झाड आरागिरणी घेत नाही. करवतीचे पाते उडते. रिकू निघून गेला. पुढच्या हिवाळ्यात तोच परत आला, पानूने निवडलेली पाच झाडे घेऊन गेला, आणि त्या वेळी त्याला दुसरा कप मिळाला. छपराची एक बाजू झाली. दुसरी बाजू अजून गळते, आणि पानूची बायको त्याला अधूनमधून ऐकवते. फुकट काहीच मिळत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मला त्यांनी या खिळ्याला टांगले. वस्तुसंग्रहालयाची माणसे येऊन गेली; काचेच्या पेटीत ठेवतो म्हणाली. साइलाने नाही म्हटले, आणि बरे केले. काचेत बसून कौतुक करून घ्यायला मी काही मेलेलो नाही. इथून मला माझे झाड दिसते. जखम केव्हाच भरली आहे, साल सारखी झाली आहे, भोक कुठे होते ते झाडालाही सांगता येणार नाही.

मित्रांनो, तुम्हाला लाकूड लागणार. घराला, वहीला, अंगावरच्या कपड्याला. तोडा, मी तोडू नका म्हणत नाही. पण बारीक दिसते म्हणून कोणाला कचरा म्हणू नका. आधी थांबा, वाका, वय विचारा. सावलीत उभा असलेला कोण किती वर्षे तग धरून आहे, ते वरून दिसत नाही.

त्या स्प्रूसच्या आत माझ्या टोकावर दर वर्षी एक नवे वलय चढते आहे. तिथे लोखंड आहे, दुसरे गिरमिट चालणार नाही; किती चढली, ते पाहायचे तर झाड पाडावे लागेल. मी जन्मभर मोजणी केली, आणि मोजणीसाठीच मोडलो. पण एवढी एक मोजणी राहू द्या.